रिकाम्या शेडचा हप्ता

आमच्याकडे ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे, करारावर चालणारी. गेल्या काही महिन्यांत भावकीतले आणि शेजारच्या वाडीतले बरेच जण विचारायला आले. "वहिनी, परवडतं का हो?" प्रत्येकाला चहा पाजून तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. हो किंवा नाही असं सरळ उत्तर मला देता येत नाही. आमचं काय झालं ते सांगते, हिशेब ज्याचा त्याने करावा.

आमचं गाव सिन्नर तालुक्यात, घोटी रस्त्याच्या अंगाला. चार एकर जमीन आणि एक विहीर. ती फेब्रुवारी संपता संपता तळ गाठते. कांदा, टोमॅटो, थोडं सोयाबीन. 2016 च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा आमचा टोमॅटो ऐन तोडणीला आला होता. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात नेलेल्या क्रेटांतून तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंही सुटेना. शेवटचा माल आम्ही झाडावरच सोडला. भावाचं हे रोजचं दुखणं नको, असं तेव्हापासून घरात सगळेच म्हणायला लागले.

त्याच सुमाराला कंपनीचा माणूस गावात आला. त्याचं बोलणं सोपं होतं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध आणि लस कंपनीची. डॉक्टर कंपनीचा, माल विकायचाही कंपनीनेच. तुम्ही फक्त शेड, पाणी, वीज आणि मेहनत द्यायची. पक्षी उचलले की किलोमागे ठरलेला ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवण्याचा मोबदला, खात्यात जमा. बाजारात कोंबडी पन्नासने जावो की शंभरने, तुमच्या दराला धक्का नाही. तमिळनाडूत कोइमतूरच्या बाजूला ही पद्धत 1990 च्या दशकात रुजली आणि तिथून देशभर पसरली, हेही त्यानेच सांगितलं. ते खरंच आहे.

शेड बांधली 2017 मध्ये. लांबी 200 फूट, रुंदी 30 फूट, पूर्व-पश्चिम. दिशा अशी ठेवली की ऊन थेट आत येत नाही. पक्ष्याला 1.2 चौरस फूट जागा धरली तर पाच हजार पक्षी मावतात. बँकेने सात लाख दिले, सात वर्षांसाठी, बारा टक्क्यांनी. महिन्याचा हप्ता साधारण 12,300 रुपये. वरचे पैसे माझे दागिने आणि ह्यांच्या भावाकडून घेतलेले हातउसने. बँकेच्या साहेबांनी कंपनीचं पत्र बघितलं आणि फाइल पुढे सरकवली. त्या पत्रात वर्षाला किती बॅच, म्हणजे पिल्लांच्या किती खेपा, मिळतील याचा उल्लेख नव्हता. कंपनीचा माणूस तोंडी सहा म्हणाला होता.

करार स्टॅम्प पेपरवर, इंग्रजीत. सही ह्यांची. सोबत सही केलेले दोन कोरे चेक कंपनीने ठेवून घेतले. खाद्य आणि पिल्लं आमच्या ताब्यात राहणार, कोणी परस्पर विकलं तर तारण असावं, म्हणून. कराराची प्रत नंतर देऊ म्हणाले. ती हातात यायला बराच काळ गेला.

पहिल्या बॅचची धांदल अजून आठवते. घोटीच्या भातगिरणीतून तूस आणलं आणि शेडभर दोन-तीन इंच पसरलं. चुना मारला, फवारणी केली, पडदे बांधले. पिल्लं आली ती एक दिवसाची, मुठीएवढी. पहिल्या आठवड्यात त्यांना 95 फॅरनहाइटच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी करायची. थर्मामीटर असतो, पण पिल्लंच सांगतात. शेगडीजवळ गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय, सगळीकडे सारखी पसरली तर बरोबर आहे. रात्री दोन-दोन तासांनी उठावं लागे. थंडीने गठ्ठा करून बसली की खालची गुदमरून मरतात.

पाचव्या-सहाव्या दिवशी डोळ्यात लासोटा लसीचा थेंब, दुसऱ्या आठवड्यात पाण्यातून गंबोरोची लस. लसीच्या पाण्यात दूध पावडर घालायची आणि त्या दिवशी पाण्यात ब्लीचिंग अजिबात टाकायचं नाही, नाहीतर लस वाया जाते. हे सगळं कंपनीच्या सुपरवायझरने मला शिकवलं, कारण शेडमध्ये मीच असायचे. हे शेतात नाहीतर बाजारात. सासूबाई पाण्याचे ड्रिंकर धुवायच्या. करार ह्यांच्या नावावर, पैसे ह्यांच्या खात्यात, आणि हिशेबाच्या कागदावर आमच्या दोघींच्या मजुरीचा रकाना कुठेच नाही. पहिले काही महिने मला त्याचं काही वाटलं नाही. नंतर वाटायला लागलं.

पहिला हिशेब चांगला आला. मर कमी, वजन चांगलं, पैसे वेळेवर. ह्यांनी पेढे वाटले. ते साल आम्हाला बरं गेलं, हे मला लपवायचं नाही.

आता पैसे कसे ठरतात ते सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. किलोमागे ठरलेला दर म्हणजे सरसकट दर नाही. कंपनी आपल्या वहीतल्या भावाने पिल्लं, खाद्य, औषध आणि व्यवस्थापनाचा खर्च मांडते. त्याला एकूण वजनाने भागते. निघालेला उत्पादन खर्च कंपनीच्या ठरवलेल्या आकड्याहून कमी असेल तर बक्षीस, जास्त असेल तर कपात. कपात होत होत एका किमान दरापर्यंत खाली येते. या सगळ्यात जड पारडं खाद्याचं. एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं, तो एफसीआर. 1.65 आला तर बरं चाललंय समजायचं.

पक्षी पिल्लू असताना मेला तर नुकसान थोडं. अडतिसाव्या दिवशी मेला तर त्याने तीन किलोच्या वर खाद्य खाल्लेलं असतं आणि वजनात तो कुठेच धरला जात नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यातली मर सगळ्यात महाग.

दुसऱ्या हिवाळ्यात पिल्लं बारीक आली. तरुण कोंबड्यांच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं वजनाला कमी असतात, हे मला तेव्हा कळलं. त्यात थंडीत पडदे जास्त बंद राहिले, तुसात ओल धरली, अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबायला लागला आणि पक्षी खोकायला लागले. औषध आलं, पण तेही हिशेबात धरलं गेलं. बॅचच्या हिशेबाचा, म्हणजे सेटलमेंटचा, कागद आला तेव्हा दर किमानाला टेकलेला होता. बारीक पिल्लांचा त्या कागदावर उल्लेख नव्हता. पिल्लांचा भाव मात्र नेहमीचाच लावला होता.

त्यानंतर मी वही घातली. शंभर पानी, शाळेतली. रोजची मर, रोज उघडलेल्या खाद्याच्या बॅगा, पाणी, तापमान. पिल्लं उतरवताना दोन-चार खोकी मोजायची, शंभर पिल्लांचं वजन करायचं आणि चलनावर तिथल्या तिथे लिहून ड्रायव्हरची सही घ्यायची. खाद्याची गाडी आली की मधल्याच काही बॅगा काट्यावर ठेवायच्या. एका बॅचला पन्नास किलोच्या साडेतीनशेच्या आसपास बॅगा लागतात. बॅगेत एकच किलो कमी भरला तरी कागदावर पक्ष्यांनी साडेतीनशे किलो जास्त खाल्लेलं दिसतं. बॅच संपल्यावर उरलेलं खाद्य दुसऱ्याच्या शेडवर जातं, त्याचीही पावती घ्यायची. वही दाखवायला लागल्यापासून सुपरवायझरची भाषा बदलली. भांडावं लागलं नाही. तो भला माणूस होता, त्यालाही वर हिशेब द्यायचा असायचा. पुढच्या एका कागदात माझ्या नोंदी बघून त्यानेच चूक दुरुस्त करून आणली.

उन्हाळा ही वेगळी परीक्षा. एप्रिल-मेमध्ये विहीर कोरडी, पाणी टँकरचं. मोठा पक्षी उन्हाने दुपारी तीन-चारच्या सुमाराला पटापट मरतो. उपाय म्हणाल तर पत्र्यावर पाचट टाकलं, वरून चुना मारला, बाजूंना ओले गोणपाट बांधले, आत फॉगर लावले. सकाळी अकरानंतर खाद्याची भांडी वर उचलून ठेवायची आणि ऊन उतरल्यावरच खाली सोडायची. पोटात खाद्य असलं की अंगातली उष्णता वाढते. पाण्यात गूळ आणि क जीवनसत्त्वाची पावडर. वीज गेली तर फॉगर बंद, म्हणून जुना जनरेटर घेतला. हा सगळा खर्च आमचा. विजेचं एक सांगून ठेवते. पोल्ट्रीला 'कृषी-इतर' या वर्गवारीचा दर लागू होतो. मीटर व्यापारी दरात टाकलेलं नाही ना, हे बिलावर बघून घ्या.

पुढचा फटका श्रावणाचा. श्रावण लागला की मागणी उतरते, नवरात्रातही तेच. बाजार पडला की कंपनी माल उचलायला उशीर करते. बेचाळीस दिवसांचे पक्षी पन्नासच्या पुढे शेडमध्ये राहतात. खातात भरपूर, वाढतात कमी. एफसीआर बिघडतो आणि बिघडलेल्या एफसीआरची कपात आपल्या दरातून होते. म्हणजे बाजारभावाशी आपला संबंध नाही असं कितीही म्हटलं, तरी तो असा मागच्या दाराने घरात शिरतो. आणि उशिराने उचललं की पुढची बॅचही मागे पडते.

इथे माझ्या मते खरी गोष्ट आहे. आम्ही सगळे किलोमागच्या दरावर भांडत होतो, आणि पैसे जात होते रिकाम्या शेडमध्ये. हा आमचा त्या वर्षांतला ढोबळ हिशेब बघा. पाच हजार पिल्लं, चार टक्के मर, उरले 4,800. सरासरी वजन दोन किलो दोनशे ग्रॅम. एकूण 10,560 किलो. सहा रुपये दराने 63,360 रुपये. त्यातून तूस, कोळसा, वीज, टँकर, चुना-फवारणी आणि गाडी उतरवण्याची हमाली मिळून तेवीस हजारांच्या आसपास वजा. हातात चाळीस हजार.

वर्षाला सहा बॅच झाल्या तर दोन लाख चाळीस हजार. बँकेचा वर्षाचा हप्ता एक लाख अठ्ठेचाळीस हजार. उरले ब्याण्णव हजार. पाच बॅच झाल्या तर बावन्न हजार. चारच झाल्या तर बारा हजार. दर तोच, मेहनत तीच, वजनही तेच. फक्त दोन बॅच कमी. वर्षभराची दोन बायकांची मजुरी बारा हजार! आणि किती बॅच द्यायच्या हे करारात कुठेच बांधलेलं नाही. पिल्लं कधी टाकायची हे कंपनी ठरवते. बँक मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता कापते.

2020 मध्ये हे सगळं एकदम अंगावर आलं. फेब्रुवारीत मोबाइलवर अफवा फिरायला लागल्या की कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो. खोटं होतं, पण लोकांनी चिकन खाणं सोडलं. भाव इतका कोसळला की ठिकठिकाणी कोंबड्या फुकट वाटल्या, काहींनी खड्डा खणून पुरल्या. आमच्या शिवेवर एकाची स्वतःच्या भांडवलावरची शेड होती. पिल्लं, खाद्य सगळं त्याचं. त्याचे लाखो रुपये त्या एका बॅचमध्ये गेले. आमचे पक्षी कंपनीचे होते. आम्हाला किमान दराने का होईना पैसे मिळाले, उशिराने मिळाले. करार नसता तर आम्ही बुडालो असतो, हे मी कोणालाही सांगेन.

पण पुढची पिल्लं आलीच नाहीत. मार्चअखेर टाळेबंदी लागली. शेड रिकामी, तूस पसरलेलं, ड्रिंकर धुऊन टांगलेले. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनकडे किनाऱ्यावर आलं आणि संध्याकाळनंतर नाशिककडे सरकलं. आमच्या शेडच्या पश्चिमेकडचे पत्रे उडाले. पंचनामा झाला, पण दुरुस्तीला पुरेल असं काही हातात आलं नाही. कंपनीचा संबंध नाही, कारण पक्षी आत नव्हते, आणि असते तरी शेड आमचीच. तेव्हा मी शेडचा विमा आहे का म्हणून कागद काढून बघितले. बँकेने कर्जासोबत काढलेला विमा एकाच वर्षाचा होता. तो महिना मी कोणाशी फारसं बोलले नाही.

पुढच्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला आणि पुन्हा पिल्लं थांबली. आमच्याकडे रोग नव्हता. 2006 मध्ये नवापूरला देशात पहिल्यांदा निघाला होता तेव्हाची दहशत जुन्या पोल्ट्रीवाल्यांच्या तोंडून ऐकली होती, ती आता स्वतः बघितली. लोक आमच्या शेडवरून जाताना नाकाला रुमाल लावायचे.

त्याच दिवसांत आमच्या पट्ट्यातले करारवाले मारुतीच्या मंदिरात एकत्र बसले. आम्ही चार-पाच बायकाही गेलो. तक्रार कुठे करायची हा पहिला प्रश्न. केंद्राच्या 2020 च्या करारशेती कायद्यात वाद प्रांताधिकाऱ्यांकडे नेण्याची तरतूद होती आणि त्यात कुक्कुटपालनही होतं. पण जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासह केंद्राच्या तिन्ही कृषी कायद्यांना स्थगिती दिली आणि वर्षअखेर ते रद्दच झाले. केंद्राने 2018 मध्ये नमुना कायदा काढला होता. तोही राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. तमिळनाडूने तसा केला. आपल्याकडे बाजार समिती कायद्यात 2006 पासून करारशेतीला जागा आहे. पण ओळखीच्या वकिलाने आमचा करार वाचून सांगितलं की यात वाद लवादाकडे न्यायचा आहे, आणि तोही कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या शहरात. पंधरा हजारांच्या कपातीसाठी तिथे कोण जाणार?

म्हणून कायद्याच्या मागे न लागता आम्ही एकत्र मागण्या लिहून कंपनीला दिल्या. कराराची मराठी प्रत. पिल्लांचं वजन चलनावर. ठराविक दिवसांनंतर माल उचलला तर उशिराचं खाद्य हिशेबातून वगळायचं. आणि ठरलेल्या मुदतीपलीकडे शेड रिकामी राहिली तर काहीतरी भाडं. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरी अर्धवट, म्हणजे सुपरवायझरने शिफारस केली तर. चौथीवर कंपनीचे साहेब हसले आणि चहा मागवला.

त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही कंपनी बदलली. बदलण्याआधी जुन्या कंपनीकडून बाकी काही नाही असं पत्र आणि आमचे दोन्ही चेक परत घेतले. चेक घेतल्याशिवाय नवीन सही करायची नाही, यावर मी अडून बसले होते. ह्यांना घाई होती. नव्या कंपनीचा दर थोडा कमी आहे. पण तिने पहिल्या वर्षी पाच बॅच दिल्या आणि माल वेळेवर उचलते. शेजारपाजारच्या जुन्या करारवाल्यांना आधीच विचारलं होतं, तुमची शेड वर्षात किती दिवस रिकामी असते म्हणून. दर आम्ही नंतर विचारला. सेटलमेंटचे पैसे आता दोघांच्या जोडखात्यात येतात.

फायद्याच्या बाजूला एक गोष्ट लिहायची राहिली. कोंबडखत आपलं असतं. कुजवून घातलं की कांद्याला आणि टोमॅटोला चांगलं मानवतं, रासायनिक खताच्या गोण्या कमी लागतात. ताजं मात्र घालू नका, मुळं जळतात. दोनदा आम्ही खत विकून हप्ता भरला आहे. आणि शेतीच्या पैशाला जेव्हा सहा महिने वाट बघावी लागते, तेव्हा मधल्या काळात येणारे चाळीस हजार मोठे वाटतात. मुलीची नाशिकच्या कॉलेजची फी त्यातूनच गेली.

आता ज्यांना शेड बांधायची आहे त्यांच्यासाठी. करार मराठीत मागा आणि सहीच्याच दिवशी प्रत घ्या. कोरे चेक देणं टळत नसेल तर त्यांचे नंबर आणि ते कशासाठी दिले, हे करारात लिहून घ्या. किमान दर किती आणि कपात कशी होते, ते एका जुन्या सेटलमेंटच्या कागदावर समजावून मागा. रोगराईत सरकारची भरपाई आली तर ती कोणाची, हे विचारा, कारण पक्षी तुमचे नसतात. शेडचा विमा दरवर्षी नवा करा. शेडमध्ये जी व्यक्ती राबणार आहे तिला सहीच्या दिवशी सोबत न्या.

आणि कर्ज काढताना कोणी सहा बॅचचा हिशेब मांडून दाखवला तर मान डोलवा, पण घरी येऊन चारचा मांडा. चार बॅचमध्ये हप्ता निघून घरखर्चाला काही उरत असेल तर शेड बांधा. नसेल तर आधी लहान बांधा, कर्ज कमी काढा. पाचवी आणि सहावी बॅच मिळाली तर ती तुमची कमाई. तिच्यावर बँकेचं नाव लिहू नका.